आयसी ३४२: धुळीआडची सर्पिल दीर्घिका दिसत का नाही, आणि ती कशी गाठावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. आयसी ३४२ या सर्पिल दीर्घिकेची प्रत (तेजाचं माप, आकडा जितका लहान तितकी वस्तू उजळ) कुठे ८.४, तर कुठे ९.१ दिलेली आढळते. आकार पूर्ण चंद्राच्या दोन-तृतीयांश, अंतर एक कोटी प्रकाशवर्षांहून थोडंसंच जास्त. तरीही २०० मिमी व्यासाची दुर्बीण बरोब्बर जागेवर लावून काहीच दिसत नाही. फोटोत उमटली तर पिवळट-तांबूस येते, निळ्या बाहूंचा पत्ता नसतो. चूक कुठे होते?

बहुतेक वेळा चूक दुर्बिणीत नसते. प्रत हा एकच आकडा धरून बसलं की ही दीर्घिका हाती लागत नाही. इथे दोन हिशेब वेगवेगळे मांडावे लागतात. तिचा प्रकाश किती क्षेत्रावर पसरलेला आहे हा एक, आणि मधल्या धुळीने कोणत्या रंगाचा किती प्रकाश खाल्ला हा दुसरा. डोळ्याने पाहताना मुख्यतः पहिला आडवा येतो, फोटो काढताना दोन्ही, आणि तिचं अंतर मोजणाऱ्यांना तर दुसऱ्याने अनेक दशकं छळलं आहे.

आधी धुळीकडे बघू. आयसी ३४२ आकाशगंगेच्या मध्यपातळीपासून जेमतेम १०.६ अंशांवर आहे, त्यामुळे तिच्याकडे पाहताना आपली नजर आपल्याच आकाशगंगेच्या तबकडीतून तिरकी जाते. मध्यपातळीच्या वर धुळीचा थर तीन-चारशे प्रकाशवर्षं जाड धरला, तर या कोनातून तो ओलांडायला साधारण १,६०० ते २,२०० प्रकाशवर्षं लागतात. एवढ्या लांबच्या प्रवासातला हा अगदी शेवटचा टप्पा, पण वाटेतलं बहुतेक नुकसान तिथेच होतं.

हे नुकसान सगळ्या रंगांचं सारखं नसतं. धुळीचे कण फार बारीक असल्याने कमी तरंगलांबीचा प्रकाश ते जास्त अडवतात. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या धूळ-नकाशांनुसार आयसी ३४२ च्या दिशेने निळ्या, म्हणजे बी पट्ट्यात सुमारे २ प्रतींचं क्षीणन, म्हणजे प्रकाशाची घट आहे. दृश्य, म्हणजे व्ही पट्ट्यात ते १.५, लाल आर पट्ट्यात १.२, लालच्या पुढच्या आय पट्ट्यात ०.८५ च्या आसपास, आणि २.२ मायक्रॉनच्या के पट्ट्यात ०.२ पेक्षाही कमी. प्रकाशाच्या भाषेत सांगायचं तर निळ्यातला सुमारे १६ टक्के, व्ही मधला २५ टक्के, लाल रंगातला ३३ टक्के आणि के पट्ट्यातला ८५ टक्के प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचतो. दीर्घिकेतल्याच तेजोमेघांवरून आणि ताऱ्यांवरून केलेल्या काही अभ्यासांत व्ही मधलं क्षीणन २ प्रतींपर्यंत निघतं. पुढचे आकडे वाचताना एवढी अनिश्चितता ध्यानात असू द्या.

यादीतल्या दोन प्रतींचा घोळही इथेच सुटतो. ९.१ ही बी पट्ट्यातली प्रत आहे आणि ८.४ ही दृश्य पट्ट्यातली. दोन्ही आकडे बरोबर आहेत. डोळ्याने पाहणाऱ्याने ८.४ धरावा, निळ्या फिल्टरचं एक्स्पोजर ठरवणाऱ्याने ९.१.

पण ८.४ हा सगळा प्रकाश एका बिंदूत गोळा केला तर मिळणारा आकडा आहे. दीर्घिकेचा विस्तार सुमारे २१.४ बाय २०.९ आर्कमिनिट (अंशाचा साठावा भाग म्हणजे आर्कमिनिट, त्याचा साठावा आर्कसेकंद), म्हणजे क्षेत्रफळ ३५० चौरस आर्कमिनिट. त्यावर प्रकाश सारखा पसरला असं मानलं तर सरासरी पृष्ठतेज दर चौरस आर्कसेकंदाला २३.६ प्रत येतं. अतिशय काळोख्या जागी आकाशाची स्वतःची उजळी २१.८ च्या आसपास असते. म्हणजे अशा उत्तम आकाशातही दीर्घिका पार्श्वभूमीत सरासरी १८-१९ टक्क्यांचीच भर घालते. आकाश २०.५ वर आलं की ही भर ५-६ टक्क्यांवर येते, आणि १९ च्या उपनगरी आकाशात दीड टक्क्याच्याही खाली. इतका कमी फरक डोळा पकडू शकत नाही, आणि आरशाचा व्यास वाढवून तो बदलतही नाही, कारण मोठा आरसा दीर्घिकेबरोबर आकाशही तेवढंच गोळा करतो. मोठ्या दुर्बिणीचा फायदा वेगळा आहे: तेवढ्याच एक्झिट प्युपिलला (आयपीसमधून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताच्या व्यासाला) ती प्रतिमा मोठी करून देते, आणि मंद गोष्ट मोठी असेल तर डोळ्याला लवकर कळते.

म्हणून निघण्याआधी एक सोपी परीक्षा घ्यावी. त्रिकोण तारकासमूहातली एम ३३ ही दीर्घिका पाहा. तिचं सरासरी पृष्ठतेज २३ च्या आसपास आहे, आयसी ३४२ पेक्षा अर्ध्या प्रतीहून अधिक चांगलं. एम ३३ लहान बायनॉक्युलरमधून सहज दिसत असेल तर पुढे जायला हरकत नाही. तीच ओढूनताणून दिसत असेल, तर त्या जागेवरून आयसी ३४२ डोळ्याने शोधण्यात रात्र घालवू नये. कॅमेरा लावावा किंवा जागा बदलावी.

‘धूळ नसती तर ही नुसत्या डोळ्यांनी दिसली असती’ असं वाक्य बरेचदा वाचायला मिळतं. ८.४ मधून १.५ ते २ वजा केले तर ६.९ ते ६.४ उरतात. धुळीमुळे बुडालेल्या मंद कडांचा प्रकाश मिळवला तर थोडं आणखी. म्हणजे अतिशय काळोख्या आकाशात, तयारीच्या नजरेला, मर्यादेवर. देवयानी दीर्घिकेसारखी ती कुणालाही दाखवता आली नसती. छोट्या दुर्बिणीतली लाडकी दीर्घिका मात्र ती नक्की झाली असती, कारण ती आपल्याला जवळजवळ समोरून दिसते. तिचा कल फक्त ३० अंशांच्या आसपास आहे.

आता जागा, आकाशातल्या रेखांश-अक्षांशांत. विषुवांश ३ तास ४६.८ मिनिटं, क्रांती +६८ अंश ६ मिनिटं, तारकासमूह कॅमेलोपार्डालिस, म्हणजे जिराफ. या भागात ठळक तारे नाहीत आणि नवख्याची अडचण इथूनच सुरू होते. ययाती तारकासमूहातला मिरफाक हा तारा आणि ध्रुवतारा यांना जोडणारी रेषा मनात धरा. मिरफाकपासून ध्रुवाकडे १८ अंश, म्हणजे अर्ध्याच्या थोडं अलीकडे, आणि तिथून रेषेच्या पूर्वेला, ब्रह्महृदयाच्या अंगाला, दोन अंश सरका. हात लांब केल्यावर मूठ साधारण १० अंश भरते, तेवढं माप पुरतं.

इथे बायनॉक्युलर किंवा फाइंडरमध्ये (मुख्य दुर्बिणीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीत) दोन तारे पकडायचे. एक गॅमा कॅमेलोपार्डालिस, प्रत ४.६, पांढरा. दुसरा त्याच्या दक्षिणेला ५.८ अंशांवर असलेला बीई कॅमेलोपार्डालिस. हा किंचित रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारा लाल तारा ४.४ प्रतीच्या आसपास असतो आणि रंगावरून लगेच ओळखू येतो. आयसी ३४२ या दोघांच्या जवळजवळ मधोमध आहे. नेमकं सांगायचं तर लाल ताऱ्यापासून २.६ अंश, पांढऱ्यापासून ३.२ अंश, आणि दोघांना जोडणाऱ्या रेषेच्या पश्चिमेला तिसरा हिस्सा अंश. समूह ध्रुवाच्या वर असताना उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं तर लाल तारा वर असतो, पांढरा खाली आणि पश्चिम डाव्या हाताला. न्यूटनियन दुर्बिणीत हे चित्र उलटं होतं आणि काटकोनी आरशाच्या फाइंडरमध्ये डावं-उजवं बदलतं. जागा चुकण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. नकाशा आपल्या फाइंडरप्रमाणे फिरवून किंवा उलटवून घ्या, मगच तुलना करा.

वेळ अशी: ही दीर्घिका २० नोव्हेंबरच्या सुमारास स्थानिक मध्यरात्री सर्वाधिक उंचीवर असते, २० डिसेंबरला रात्री दहाला, २० जानेवारीला आठला. त्या वेळची उंची काढायची तर ६८ मधून आपला अक्षांश वजा करून उत्तर ९० मधून वजा करावं. २० अंश उत्तर अक्षांशावर ४२ अंश, ५० वर ७२ अंश. २२ अंश उत्तरेच्या पलीकडे ती मावळतच नाही, आणि २२ अंश दक्षिणेच्या पलीकडे उगवत नाही. कमी अक्षांशावरच्या निरीक्षकाने या सर्वाधिक उंचीच्या आधीचे-नंतरचे दीड-दोन तासच धरावेत. ४२ अंशांवर आपण वातावरणाचे दीड थर भेदून पाहतो. २५ अंशांवर हेच जवळजवळ अडीच होतात, वर क्षितिजाजवळची उजळी वेगळीच. चंद्र अर्थातच नको, पंचमीचाही नको.

आयपीस निवडताना एक्झिट प्युपिल ४ ते ५.५ मिमी ठेवा. २०० मिमी एफ/६ (फोकल लेंग्थ १,२०० मिमी) दुर्बिणीला ३२ मिमीचा आयपीस लावला तर ३७ पट मोठेपणा आणि ५.३ मिमी प्युपिल मिळते. २५ मिमीच्या आयपीसने ४८ पट आणि ४.२ मिमी. क्षेत्र एक अंशाहून मोठं हवंच, कारण दीर्घिकेच्या बाहेरचं रिकामं आकाश चौकटीत नसेल तर तुलना करायला काही उरत नाही. सगळं क्षेत्रच एकसारखं फिकट दिसतं आणि पाहणारा ‘काही नाही’ म्हणून पुढे सरकतो. वीस आर्कमिनिटांपेक्षा मोठ्या, समोरून दिसणाऱ्या दीर्घिकांच्या बाबतीत हे नेहमी घडतं. जागा मिळाली की दुर्बीण हलक्या हाताने टिचकी मारून हलवावी किंवा अर्धा अंश पुढेमागे न्यावी. डोळ्याला स्थिर फिकेपणापेक्षा सरकणारा फिकेपणा लवकर कळतो. मोटार नसली तरी घाई नको. ६८ अंश क्रांतीवर एक अंशाचं क्षेत्र ओलांडायला दहा-अकरा मिनिटं लागतात.

काय दिसेल याची अपेक्षा नेमकी असावी. काळोख्या जागी २०० मिमी दुर्बिणीतून आधी ताऱ्यासारखा मंद गाभा दिसतो. त्याभोवती काही आर्कमिनिटांचा गोल, धूसर डाग असतो, आणि तिरक्या नजरेने तो डाग हळूहळू पसरत गेल्यासारखा वाटतो. बाहूंची चाहूल ३०० मिमीच्या पुढे आणि चांगल्या आकाशातच लागते, तीही तुकड्यातुकड्यांत. आपल्याच आकाशगंगेतले पुष्कळ मंद तारे दीर्घिकेवर पडल्यासारखे दिसतात. त्यांतला एखादा गाभा समजला जातो किंवा दोन-तीन जवळच्या ताऱ्यांचा पुंजका डाग वाटतो. मोठेपणा ८०-१०० पट करून पाहावं. तारे टोकदार होतात, गाभ्याभोवतीचा धूसरपणा मात्र तसाच राहतो.

तेजोमेघांसाठीचे अरुंद पट्ट्याचे फिल्टर इथे लावू नका. दीर्घिकेचा प्रकाश ताऱ्यांचा, म्हणजे सलग वर्णपटाचा असतो. फिल्टर आकाशाइतकीच दीर्घिकाही कापतो आणि उरलेलंही घालवतो. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास द्या, आणि मोबाइलचा लाल पडदाही डोळ्यापासून दूर ठेवा.

कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी. साध्या संचानेही तो ही दीर्घिका गाठतो, पण वेळ मागतो. फोकल लेंग्थ ५०० मिमी आणि पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा असेल तर एका पिक्सेलला १.५५ आर्कसेकंद पडतात आणि दीर्घिका सुमारे ८३० पिक्सेल रुंद येते. एपीएस-सी सेन्सरवर क्षेत्र २.७ बाय १.८ अंश मिळतं, भोवती पुरेसं मोकळं आकाश राहतं. १,००० मिमी फोकल लेंग्थने बाहू छान उलगडतात, पण पार्श्वभूमी नीट काढायला जागा कमी उरते. सुरुवात ५०० ते ८०० मध्ये करावी असं मला वाटतं.

एका फ्रेमचा अवधी असा ठरवा: आकाशाच्या उजळीतून एका पिक्सेलमध्ये जमणारे इलेक्ट्रॉन हे रीड नॉइजच्या (सेन्सर वाचताना येणाऱ्या गोंगाटाच्या) वर्गाच्या दहापट असावेत. रीड नॉइज १.५ इलेक्ट्रॉन असेल तर २५ च्या आसपास इलेक्ट्रॉन पुरतात. त्यापुढे फ्रेम लांबवून सखोलता वाढत नाही, फक्त तारे जास्त उजळून पांढरे पडतात. एफ/५ ला काळोख्या जागी ल्युमिनन्ससाठी (रंगाच्या फिल्टरविना घेतलेल्या उजळीसाठी) ६० ते १२० सेकंद, रंगांसाठी १२० ते १८० सेकंद पुरेसे आहेत. हायड्रोजन-अल्फाच्या, म्हणजे हायड्रोजन वायूच्या लाल प्रकाशाच्या, ३ ते ७ नॅनोमीटर फिल्टरमागे ३०० ते ६०० सेकंद द्यावेत.

एकूण वेळेला मात्र सवलत नाही. आकाश २१.५ चं असेल तर सहा ते आठ तासांत बाहू स्वच्छ येतात. आकाश एका प्रतीने उजळ झालं की तेवढ्याच दर्जासाठी अडीचपट वेळ लागतो. १९ च्या आकाशाखाली हा गुणक दहा होतो, सहा तासांचे साठ. अशा जागी रंगांचा मोह सोडून हायड्रोजन-अल्फावर भर देणं शहाणपणाचं. बाहूंवरचे ताऱ्यांच्या जन्माचे प्रदेश त्यात ठळक येतात आणि शहराचा उजेड बराचसा गळून जातो. दीर्घिकेचा आपल्या सापेक्ष वेग फक्त ३१ किमी प्रति सेकंद आहे. त्यामुळे हायड्रोजनची रेषा ०.०७ नॅनोमीटरच सरकते आणि ३ नॅनोमीटरच्या फिल्टरमध्येही आरामात बसते. दूरच्या दीर्घिकांना वापरताना असे अरुंद फिल्टर दगा देतात, इथे ती भीती नाही.

वेळेची वाटणी रंगांत समान करू नका. निळ्याचं क्षीणन लालपेक्षा ०.८ प्रतीने जास्त आहे, म्हणजे लालच्या तुलनेत निळा निम्म्याहून कमी पोहोचतो. निळ्या फिल्टरला लालच्या दीडपट ते दुप्पट वेळ द्यावा, आणि तोही दीर्घिका सर्वांत उंच असताना. वातावरणही निळाच जास्त खातं. लाल फिल्टर उतरत्या वेळेला ठेवला तरी चालतो.

गाइडिंगची, म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून दुर्बीण आपोआप सावरण्याची, एक अडचण उंच क्रांतीमुळे येते. ६८ अंशांवर विषुवांशाच्या दिशेची हालचाल आकाशात ०.३७ पटच दिसते, त्यामुळे तिथे केलेलं कॅलिब्रेशन डळमळीत येतं. कॅलिब्रेशन खगोलीय विषुववृत्ताजवळ, दक्षिणोत्तर रेषेच्या आसपास करावं, मग दुर्बीण इकडे आणावी. ध्रुवीय संरेखनातली चूक विषुववृत्ताजवळ खपून जाते. ती इथे क्षेत्राच्या फिरण्याच्या रूपाने कोपऱ्यातल्या ताऱ्यांत दिसते, म्हणून संरेखन एक-दोन आर्कमिनिटांत आणून ठेवा.

प्रक्रियेत सर्वाधिक फोटो पार्श्वभूमी सपाट करताना बिघडतात. बाहेरचे बाहू फोटोत वाटतात त्यापेक्षा बरेच लांब जातात, आणि भोवती आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचे तपकिरी-राखाडी पदर पसरलेले असतात. सॉफ्टवेअरला मोकळं सोडलं तर ते दोन्हींना ‘उजळीचा उतार’ समजून पुसतं. मग दीर्घिकेभोवती काळी कडा उमटते. नमुन्याचे बिंदू हाताने ठेवावेत, केंद्रापासून २० आर्कमिनिटांच्या आत एकही नको, आणि पहिल्या घाताचा, म्हणजे साध्या तिरक्या प्रतलाचा उतारच काढावा. तेवढ्याने भागत नसेल तर दोष बहुधा फ्लॅट फ्रेममध्ये (एकसारख्या उजेडाच्या दुरुस्ती-फोटोत) असतो. तारे वेगळे करणारी साधनं वापरल्यावर ताऱ्यांचा थर डोळ्याखालून घाला. बाहूंवरच्या गुलाबी गाठी आणि दीर्घिकेचा टोकदार गाभा हटकून ताऱ्यांच्या थरात गेलेला सापडतो. तो परत मूळ जागी आणावा.

आता रंग. कॅटलॉगमधल्या ताऱ्यांवरून केलेलं वर्णपटीय रंगसंतुलन बरोबर असतं आणि तरीही दीर्घिका पिवळट येते, ही तक्रार वरचेवर येते. त्यात बिघाड काहीच नाही. ते संतुलन कॅमेरा आणि वातावरण यांचा हिशेब चुकता करतं, मधल्या धुळीचा नाही. धुळीतून आल्यावर आयसी ३४२ खरोखरच तशी दिसते, बी आणि व्ही मधला फरक सुमारे अर्ध्या प्रतीने वाढलेला. फोटो जसा दिसतो तसा ठेवणं पूर्ण प्रामाणिक आहे, आणि मला तोच जास्त आवडतो, कारण धूळ हाही त्या दृश्याचा भाग आहे.

धुळीमागचा रंग दाखवायचाच असेल तर सरसकट निळा वाढवू नये, गणित करावं. वरच्या आकड्यांवरून, हिरवा स्थिर धरून निळ्याला १.५५ ने गुणायचं आणि लालला ०.७५ ने. हे काम प्रतिमा ताणण्याआधी, आकाशाची पार्श्वभूमी वजा केल्यावर आणि फक्त दीर्घिकेच्या मास्कवर करायचं. ताऱ्यांना हात लावायचा नाही. त्यांतले बरेच धुळीच्या अलीकडे किंवा अधेमधे आहेत, त्यांना हा गुणक लागू पडत नाही आणि ते अनैसर्गिक निळे होतात. निळ्याचा गोंगाटही १.५५ पट वाढतो, म्हणूनच निळ्याला जास्त वेळ द्यायचा. हे केल्यावर बाहू निळसर होतात, गाभा मऊ पिवळा राहतो आणि हायड्रोजनच्या गाठी तांबूसकडून गुलाबीकडे झुकतात. फोटोखाली ‘धुळीची दुरुस्ती केली आहे’ एवढं लिहावं. धूळ सगळीकडे सारखी नसते, एकच गुणक हा अंदाजच आहे.

हीच धूळ अंतराच्या प्रश्नात कशी शिरते तेही पाहण्यासारखं आहे. धूमकेतू आणि उल्कांचे निरीक्षक विल्यम डेनिंग यांनी १८९२ मध्ये ही दीर्घिका शोधली, म्हणून ती १८९५ च्या इंडेक्स कॅटलॉगमध्ये (आयसी) आली. १९३० च्या दशकात एडविन हबल यांनी ती आपल्या स्थानिक समूहातली असावी असं मानलं होतं. नंतर ते टिकलं नाही, पण गोंधळ बराच काळ राहिला. कारण साधं आहे. एखाद्या ताऱ्याच्या खऱ्या आणि दिसणाऱ्या तेजातल्या फरकावरून अंतर काढताना क्षीणन वजा करावं लागतं. क्षीणनात अर्ध्या प्रतीची चूक झाली तर अंतरात सुमारे २५ टक्क्यांची चूक होते. वेगावरूनही सुटका नाही. इतक्या अंतरावर विश्वाच्या प्रसरणाने सुमारे २३० किमी प्रति सेकंद वेग अपेक्षित असताना मोजलेला वेग फक्त ३१ आहे. सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरताना साधारण त्याच बाजूला चाललेला असतो आणि त्यातच दीडशेच्या आसपास कापले जातात. आयसी ३४२ मधल्या सेफीड (ठरावीक काळाने तेज बदलणाऱ्या) ताऱ्यांवरून २००२ मध्ये ३.३ मेगापार्सेक, म्हणजे सुमारे १ कोटी ७ लाख प्रकाशवर्षं अंतर मिळालं. लाल राक्षसी ताऱ्यांच्या कमाल तेजावरून ते ३.४५ मेगापार्सेकपर्यंत जातं. या अंतराने तिचा दृश्य व्यास ६५ ते ७० हजार प्रकाशवर्षं भरतो.

दृश्य प्रकाश सोडला की परिस्थिती पालटते. हायड्रोजनच्या २१ सेंमी रेडिओ लहरींना धूळ अडवत नाही, पण तिथे दुसरीच अडचण आहे. दीर्घिकेचा वेग इतका कमी आहे की तिच्या हायड्रोजनचा काही भाग आपल्या आकाशगंगेतल्या हायड्रोजनच्या वेगांवर येऊन बसतो. एकट्या अँटेनाने दोन्ही वेगळे करणं कठीण जातं. अनेक अँटेना जोडलेली रेडिओ दुर्बीण आकाशभर पसरलेला जवळचा वायू बराचसा गाळते आणि फिरती तबकडी उरते. अवरक्त प्रकाशात तर दीर्घिका जवळजवळ पूर्ण उघडी पडते. युक्लिड अवकाश दुर्बिणीच्या नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या पहिल्या पाच चित्रांत आयसी ३४२ होती ती याचसाठी. उच्च ऊर्जेचे क्ष-किरणही धूळ सहज पार करतात. नुस्टार या उपग्रहाने या दीर्घिकेच्या बाहूंतले दोन अतितेजस्वी क्ष-किरण स्रोत टिपले, ते चित्र २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं.

आयसी ३४२ जमली की याच परिसरात पुढची लक्ष्यं आहेत. सगळ्यात सोपी एनजीसी १५६९, विषुवांश ४ तास ३०.८ मिनिटं, क्रांती +६४ अंश ५१ मिनिटं. ही लहान, अनियमित दीर्घिका हबल दुर्बिणीच्या मापनानंतर आयसी ३४२ च्याच गटात धरली जाते. प्रत ११ च्या पुढे असूनही ती २०० मिमी दुर्बिणीतून आयसी ३४२ पेक्षा लवकर दिसते, कारण तिचा प्रकाश छोट्या जागेत एकवटलेला आहे. यूजीसीए ८६ ही बटू दीर्घिका आयसी ३४२ पासून फक्त १.६ अंशांवर आहे. तिला कॅमेराच हवा.

खरी कसोटी मॅफे १ आणि मॅफे २ ची. इटलीतल्या पाओलो मॅफे यांनी १९६७ मध्ये अवरक्त-संवेदी प्लेटवर त्या शोधल्या, शर्मिष्ठेतल्या हृदय तेजोमेघाच्या शेजारी. दोघी एकमेकींपासून सुमारे ४० आर्कमिनिटांवर आणि आकाशगंगेच्या मध्यपातळीपासून अर्ध्या अंशाच्या आसपास. मॅफे १ च्या दिशेने व्ही मधलं क्षीणन ४.७ प्रतींच्या जवळपास आहे, जेमतेम सव्वा-दीड टक्का प्रकाश पोहोचतो. मॅफे २ ही सर्पिल आहे आणि ती आणखी गडद पडद्याआड आहे. इथे निळा आणि हिरवा फिल्टर बाजूला ठेवावेत. एकरंगी कॅमेऱ्याला ७०० नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाश जाऊ देणारा अवरक्त फिल्टर लावावा, फोकस त्या फिल्टरसकट पुन्हा करावा, कारण भिंगांच्या दुर्बिणीत तो बराच सरकतो. मॅफे १ तासाभरात गोल डाग म्हणून येते. मॅफे २ च्या लांबट गाभ्यासाठी तीन-चार तास धरून चाला.